नेपाळ सहलीच्या पत्रकात तास छापा

प्रति,
नेपाळच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्यांचे संचालक, कार्यक्रम आखणारे अधिकारी आणि सर्व टूर मॅनेजर यांस,



पुढच्या हंगामाच्या तुमच्या रंगीत पुस्तिका लवकरच छापायला जातील आणि पार्ल्यातल्या घराघरांत येऊन पडतील. निवृत्त मंडळी चष्मा लावून त्या चाळतील, शेजाऱ्यांना विचारतील, मुलांना फोन लावतील आणि मग धनादेश लिहितील. विमानतळ आमच्या उशाला आहे, त्यामुळे प्रवासाची हौस पार्लेकरांना जन्मजातच. त्यात नेपाळ म्हणजे व्हिसाची कटकट नाही, जेवणाची चिंता नाही, शिवाय पशुपतिनाथाचे दर्शन. म्हणून आमच्या भागातून नेपाळला जाणाऱ्यांना कधीच तोटा नसतो. पुस्तिका छापून झाली की तिच्यात बदल होत नाही, हे बँकेत नोकरी केलेल्या माझ्यासारखीला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते.

आधी तुमचे श्रेय तुम्हाला देते. घराबाहेर एकटी न पडलेली बाई तुमच्या भरवशावर हिमालयापर्यंत जाऊन येते, ही लहान गोष्ट नाही. गुडघे दुखणाऱ्याला खालच्या मजल्यावरची खोली, मधुमेह्याला वेळेवर जेवण, उपवासाला साबुदाण्याची खिचडी, हे तुम्ही सांभाळता. तुमचे ‘सहा-सात-आठ’, म्हणजे सहाला उठवणारा फोन, सातला नाश्ता आणि आठला बस, आता मराठी घरांत म्हणीसारखे झाले आहे. माझी तक्रार आठला बस निघाल्यानंतरच्या वेळेची आहे.

तुमच्या पत्रकात काठमांडूच्या दिवसासमोर साधारण अशी ओळ असते: पशुपतिनाथ, बुढानीलकंठ, स्वयंभूनाथ, पाटण दरबार चौक, भक्तपूर, सायंकाळी खरेदी. वाचताना दिवस भरगच्च वाटतो आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण काठमांडूची वाहतूक ज्याने पाहिली आहे त्याने हा हिशेब मांडून पाहावा. भक्तपूर शहरापासून तेरा-एक किलोमीटर पूर्वेला, बुढानीलकंठ दुसऱ्या टोकाला उत्तरेला. पशुपतिनाथाची रांग वेगळी. बसमध्ये चढणे-उतरणे, डोकी मोजणे, दुपारचे जेवण हे सगळे वजा केले की पाटण आणि भक्तपूर या दोन राजनगरांच्या वाट्याला फोटोपुरती मिनिटे उरतात. शेवटचा खरेदीचा थांबा मात्र कधी कमी झालेला मी पाहिला नाही.

आता या दोन चौकांत आहे काय, ते सांगते.

काठमांडू खोऱ्याची सात ठिकाणे मिळून 1979 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. काठमांडूचा हनुमान ढोका, पाटण आणि भक्तपूर हे तीन दरबार चौक, स्वयंभू आणि बौद्धनाथ हे दोन स्तूप आणि पशुपतिनाथ व चांगुनारायण ही दोन मंदिरे. चांगुनारायणाच्या अंगणात राजा मानदेवाचा इ. स. 464 चा शिलालेख आहे. एवढ्याशा खोऱ्यात तीन-तीन राजवाडे कसे, असा प्रश्न प्रवाशाला पडायला हवा आणि त्याचे उत्तर त्याला मिळायला हवे. पंधराव्या शतकात यक्ष मल्ल राजानंतर त्याच्या वारसांत राज्याची वाटणी झाली आणि काठमांडू, पाटण, भक्तपूर अशी भाऊबंदांची तीन राज्ये झाली. पुढची अडीच-पावणेतीनशे वर्षे ती एकमेकांशी भांडत राहिली आणि देवळे बांधण्यातही एकमेकांवर कुरघोडी करत राहिली. एकाने राजवाड्यासमोर खांबावर आपला पुतळा बसवला की दुसऱ्यानेही बसवायचा. 1768-69 मध्ये गोरखा राजा पृथ्वीनारायण शाहने तिन्ही राज्ये जिंकली. भाऊबंदकीने राज्य कसे जाते हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तुमच्या वाटाड्याने एवढे एक सूत्र बसमध्येच सांगितले, तर चौकात उतरल्यावर समोरची गर्दी आपोआप उलगडेल. नाहीतर सगळी देवळे सारखीच दिसतात आणि लोक आइस्क्रीम शोधू लागतात.

पाटणचे कृष्णमंदिर घ्या. सिद्धिनरसिंह मल्लाने 1637 साली बांधलेले हे सबंध दगडी मंदिर. आजूबाजूची बहुतेक देवळे वीट-लाकडाची आणि उतरत्या छपरांची असताना हे शिखराचे, एकवीस कळसांचे. पहिल्या मजल्याभोवती दगडी पट्टीत महाभारत कोरले आहे आणि त्यावरच्या मजल्यावर रामायण. प्रसंगाखाली खोऱ्यातल्या नेवारी भाषेत त्याची ओळ खोदलेली आहे. रामायण-महाभारतावर वाढलेल्या आमच्या पिढीला हे दगडातले प्रसंग एकेक करून ओळखायला किती आवडेल! समोर उंच खांबावर हात जोडलेला गरुड बसला आहे. चौकाच्या उत्तर टोकाला जमिनीखाली उतरत जाणारी ‘मंगा हिती’ आहे. तिच्या तीन दगडी मकरमुखांतून पाणी पडते, तिची परंपरा सहाव्या शतकापर्यंत जाते, आणि आजही माणसे तिथे भांडी भरतात. राजवाड्याच्याच एका भागात 1997 साली ऑस्ट्रियाच्या मदतीने उघडलेले पाटण संग्रहालय आहे. मूर्तीचे हात, मुद्रा, आयुधे कशी ओळखावीत हे तिथे शांतपणे शिकता येते. यातले कुठलेही एक काम पंधरा मिनिटांत होत नाही.

आणि भक्तपूर. तिथे आमच्या गटाला तौमढी चौकात पाऊण तास मिळाला. त्यातला पहिला भाग स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला, दुसरा मातीच्या वाडग्यातल्या ‘जुजु धौ’ या गोडसर दह्यात आणि तिसरा गटाच्या फोटोत. फोटो न्यातापोल मंदिराच्या पायऱ्यांवर काढला. हे मंदिर भूपतींद्र मल्लाने 1702 मध्ये बांधले. त्याला पाच जोती, पाच छपरे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना खालून वर जोड्या आहेत: जयमल आणि पत्ता हे पहिलवान, मग हत्ती, मग सिंह, मग शार्दूल आणि सर्वांत वर बाघिणी आणि सिंहिणी या देवता. पहिलवान सामान्य माणसाच्या दहापट ताकदीचे, आणि पुढची प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या दहापट, अशी समजूत आहे. आमच्यातले बहुतेक जण त्या पहिलवानांच्या मांडीला टेकून उभे राहिले आणि ते कोण आहेत हे न कळताच खाली उतरले.

तेवढ्यात गटातल्या एका आजोबांनी वाटाड्याला विचारले, “इथे दत्ताचे देऊळ आहे म्हणतात, ते कुठे?” वाटाड्याने पूर्वेकडच्या गल्लीकडे हात केला. सरळ चालत गेले की दहा-बारा मिनिटांवर. टूर मॅनेजरने घड्याळ पाहिले आणि अगदी आर्जवाने म्हटले, “काका, पुढच्या वेळी.” काका काही बोलले नाहीत. दर गुरुवारी दत्ताला जाणारा माणूस होता तो, आणि पुढची वेळ त्या वयात कोणी गृहीत धरत नाही.

मी या पत्रात जे मागणार आहे त्याचे मूळ इथे आहे. भक्तपूरच्या तचपाल चौकात पंधराव्या शतकातले, यक्ष मल्लाच्या काळातले दत्तात्रेय मंदिर आहे. एकाच झाडाच्या लाकडातून ते बांधले अशी आख्यायिका आहे. दारात तेच जयमल-पत्ता, समोर खांबावर गरुड. शेजारी पुजारी मठ, त्याच्या बाजूच्या अरुंद बोळात मोराची सुप्रसिद्ध लाकडी खिडकी. मधोमध पिसारा फुलवलेला मोर आणि त्याच्या चौकटीभोवती बारीक कोरीव काम. लाकूड किती मऊ असू शकते हे तिथे कळते. नरसोबाची वाडी, औदुंबर, गाणगापूर करणाऱ्या समाजाला तुम्ही भक्तपूरला नेता आणि दत्ताच्या दारावरून माघारी आणता. परदेशी पाहुणे हातात नकाशा घेऊन तिथे पोहोचतात. आम्ही मात्र पोहोचत नाही, कारण तो चौक तुमच्या पत्रकात नाही.

अशी आणखी दोन ठिकाणे सांगते.

पाटणमध्ये रातो मच्छिंद्रनाथाचे मंदिर आहे, दरबार चौकापासून चालत जाण्याजोगे. नवनाथांच्या पोथीची पारायणे करणाऱ्या आमच्या घरांत मच्छिंद्रनाथ-गोरखनाथांची ओळख करून द्यावी लागत नाही. तिकडची कथा अशी की गोरखनाथाने नागांना आसनाखाली दाबून धरले, त्यामुळे खोऱ्यात बारा वर्षे पाऊस पडला नाही. मग गुरूला आणले, गोरखनाथ गुरूच्या दर्शनाला उठला, नाग सुटले आणि पाऊस आला. म्हणून मच्छिंद्रनाथ तिथे पावसाचा देव. खोऱ्यातले बौद्ध नेवार लोक त्यालाच करुणामय लोकेश्वर म्हणून पूजतात. दरवर्षी वैशाखाच्या सुमारास त्याचा उंच, डुलता रथ माणसे दोरांनी ओढत पाटणच्या रस्त्यांतून नेतात. उन्हाळी सुट्टीच्या तुमच्या सहली नेमक्या याच दिवसांत असतात. रथ वाटेत उभा असताना बस दुसऱ्या रस्त्याने हॉटेलवर नेणे याला काय म्हणावे!

दुसरे, तलेजु भवानी. तिन्ही मल्ल राजघराण्यांची ही कुलदेवता. तिन्ही राजवाड्यांत तिचे स्थान आहे. मिथिलेतल्या सिम्रौनगढचा कर्नाट वंशाचा राजा हरिसिंहदेव 1320 च्या दशकात दिल्लीच्या स्वारीमुळे राज्य सोडून निघाला. त्याच्या कुटुंबाबरोबर ही देवी भक्तपूरला आली, असे वंशावळ्या सांगतात. दक्षिणेकडून उत्तरेला गेलेले घराणे, त्याने जिवापाड सांभाळलेली देवी, आणि पुढे तीच राज्याची देवी झालेली. कुलाचार पाळणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकताना वेगळी ओळख पटवून घ्यावी लागत नाही. काठमांडूचे तलेजु मंदिर 1564 चे. सर्वसामान्यांसाठी ते वर्षातून एकदाच उघडते, दशैंच्या नवमीला, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या दिवशी. तुमची दसऱ्याची सहल त्या दिवशी काठमांडूत असेल तर पत्रकात एक ओळ तरी लिहा. बहुतेक वेळा त्या दिवशी गट पोखऱ्याला सूर्योदय पाहत असतो.

आता दुसरा मुद्दा: दाखवता ते खरे दाखवा.

25 एप्रिल 2015 रोजी, शनिवारी दुपारी बाराच्या आत, 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे नऊ हजार माणसे गेली. काठमांडूचे काष्ठमंडप, पाटणची चार नारायण आणि हरिशंकर ही मंदिरे, भक्तपूरचे वत्सला मंदिर ही सगळी जमीनदोस्त झाली. न्यातापोल उभे राहिले. पाटणमध्ये लोकांनी आणि जवानांनी ढिगाऱ्यातून कोरीव तीर, खांब, मूर्ती उचलून राजवाड्याच्या आवारात नेल्या. त्यांतले वापरण्याजोगे पुष्कळ तुकडे पुढे पुन्हा जागच्या जागी बसवले गेले. आज नीट पाहिले तर काळवंडलेल्या जुन्या लाकडाशेजारी फिकट नवे लाकूड जोडलेले दिसते. हा सांधा म्हणजे त्या चौकाची अलीकडची बखर आहे. तुमचा वाटाड्या मात्र सरसकट “आठशे वर्षे जुने” असे सांगून मोकळा होतो.

त्या उभारणीच्या गोष्टीही ऐकण्यासारख्या आहेत. राणी पोखरी हे तळे प्रताप मल्लाने 1670 मध्ये पुत्रशोकात बुडालेल्या राणीसाठी खोदले. भूकंपानंतर त्याच्या दुरुस्तीत काँक्रीट वापरायला सुरुवात झाली तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले, काम थांबले, आणि शेवटी पारंपरिक वीट-चुन्यात ते 2020 मध्ये पूर्ण झाले. काष्ठमंडपाच्या जागी उत्खनन झाले तेव्हा पाया सातव्या शतकापर्यंत मागे गेला. तोवर ती वास्तू बाराव्या शतकातली मानली जात होती. भक्तपूरच्या नगरपालिकेने कितीतरी कामे कमी बोलीच्या ठेकेदाराला न देता त्या-त्या टोळातल्या, म्हणजे आळीतल्या, उपभोक्ता समित्यांकडून, स्थानिक सुतार-गवंड्यांकडून करून घेतली. पर्यटकांकडून घेतलेल्या प्रवेशशुल्काचा पैसा तिथे जीर्णोद्धाराला लागतो. ज्या पार्ल्यात एकामागून एक बंगले आणि जुन्या सोसायट्या पाडून मनोरे उभे राहत आहेत, तिथून गेलेल्या माणसाला ही उदाहरणे बोचतील. बोचावीतच.

चोरीचीही एक गोष्ट आहे. पाटणच्या पाटको टोळातून 1984 मध्ये लक्ष्मी-नारायणाची मूर्ती चोरीला गेली. पुढे ती अमेरिकेत डॅलसच्या संग्रहालयात दिसली आणि 2021 मध्ये परत येऊन आपल्या मूळ जागी बसली. दरबार चौकाजवळच ही जागा आहे. परदेशी गेलेली मूर्ती परत आलेली डोळ्यांनी पाहायला मिळणे ही संधी आपल्याकडे किती वेळा येते?

तुम्ही काय म्हणाल याची कल्पना आहे. पहिले, “ज्येष्ठांना चालवत नाही.” पाटणचा चौक सपाट आणि फरसबंद आहे, आणि बसायला जागोजागी पाट्या आहेत, म्हणजे देवळाच्या ओट्यासारखे छपराखालचे चौथरे. दमलेल्या माणसाला तिथे अर्धा तास बसू द्या, गावातल्या म्हाताऱ्यांशी हिंदीत दोन शब्द बोलू द्या. तो तक्रार करणार नाही. एका दिवसात सहा वेळा बसमध्ये चढणे-उतरणे हेच गुडघ्यांना जास्त जड जाते. दुसरे, “लोकांना खरेदी हवी, केबल कार हवी.” हवीच. भक्तपूरच्या कुंभार चौकात चाकावरून उतरलेली मातीची भांडी मिळतात, पाटणमध्ये धातूच्या मूर्ती घडवणारे कारागीर दुकानातच काम करत असतात. एखाद्या मोठ्या शोरूमला नेण्यापेक्षा ही खरेदी चौकातच होऊ द्या. तिसरे, “खर्च वाढेल.” काठमांडूत एक रात्र वाढेल, हे खरे. पण सार्क देशांच्या नागरिकांना या चौकांचे तिकीट इतर परदेशीयांपेक्षा स्वस्त आहे आणि एक दिवस वाढवण्यासाठी आमच्यातले पुष्कळ जण आनंदाने जादा पैसे भरतील. निदान तसा एक पर्याय छापून तर पाहा.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

एक, पत्रकात प्रत्येक ठिकाणापुढे तास छापा. ‘पाटण: साडेतीन तास’, ‘भक्तपूर: पाच तास’, ‘स्वयंभू: एक तास’. जिथे बसमधूनच दाखवणार असाल तिथे ‘बसमधून’ असे लिहा. ‘भेट’ या एका शब्दाखाली पाच मिनिटेही बसतात आणि पाच तासही. ग्राहकाला ते नोंदणीपूर्वी कळले पाहिजे.

दोन, भक्तपूरच्या कार्यक्रमात दत्तात्रेय चौक आणि पाटणच्या कार्यक्रमात मच्छिंद्रनाथ कायमचे घाला. यासाठी नवी बस नको, नवे हॉटेल नको, फक्त थोडे चालणे.

तीन, चौकांसाठी त्याच शहरातला परवानाधारक नेवार वाटाड्या घ्या. आपल्या गल्लीची माहिती सांगताना माणूस ज्या अभिमानाने बोलतो ते पाठ केलेल्या निवेदनात येत नाही.

चार, कुमारी घराच्या अंगणात गट नेण्यापूर्वी बसमध्येच सूचना द्या. खिडकीत येणारी कुमारी जिवंत देवी मानली जात असली तरी ती एक लहान मुलगी आहे. तिचे फोटो काढायला मनाई आहे आणि ‘अजून एकदा ये ना’ असे खालून ओरडणे शोभत नाही. हे ओरडणे मी मराठीतून ऐकले आहे.

पाच, सण-उत्सवांच्या तारखा पाहून कार्यक्रम आखा. रथ, इंद्रजात्रा, बिस्का जात्रा, दशैं ही त्या चौकांची खरी वेळ. ती टाळून चौक दाखवणे म्हणजे पंढरपूर दाखवताना वारी वगळण्यासारखे आहे.

शेवटी वाचकांना, म्हणजे माझ्या पार्लेकर शेजाऱ्यांना आणि दादर, डोंबिवली, कोथरूड, सगळीकडच्या प्रवाशांना. पैसे आपले आहेत आणि सुट्टीही आपली. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या मुलीला डिस्काउंट किती हे विचारण्याआधी एवढेच विचारा: भक्तपूरला नेमका किती वेळ, आणि दत्ताच्या देवळात नेणार का? उत्तर लेखी मागा. चार-सहा जणांनी जरी हा प्रश्न लावून धरला तरी पुढच्या पत्रकात तास छापून येतील, कारण कंपन्या ग्राहकाचे ऐकतात. आजवर आपण विचारलेच नाही.

कळावे,
आपली,
एक पार्लेकर प्रवासी
विलेपार्ले (पूर्व), मुंबई